वरची डावी खाट

"उठा रे, मेबलबाईंची वरात आली!"

ऑलिव्हच्या झाडाखाली बनियनवर पालथा पडलेला एमेट व्हॉस ओरडला आणि पुन्हा पालथा झाला. त्याने रस्त्याकडे पाहिलंही नव्हतं. बघायची गरजच नव्हती. छावणीत कोणाचीही गाडी यायची ती आधी धूळ यायची, मग आवाज, मग गाडी. धूळ न उडवता येणारी गाडी एकच, हार्लन टिबेट्सची. तिच्या बॉनेटवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'मेबल'.

गाडी चालत्या माणसाच्या वेगाने झाडांत शिरली आणि थांबली. हार्लन उतरला, मागचं दार उघडलं, आणि स्ट्रेचरवर गवत घालून ठेवलेली अंडी मोजायला बसला. गावातल्या सादोककडून चहाच्या बदल्यात आणलेली ऐंशी अंडी.

"किती फुटली, काका?" कोणीतरी विचारलं.

"एकही नाही."

"फुटतील कशी? रस्त्यातच पिल्लं निघाली असतील!" एमेट म्हणाला. सगळे हसले, हार्लनही हसला. या चेष्टेची त्याला वर्षभरात सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती त्याला आवडायची.

सन त्रेचाळीसचा जून. ट्युनिस पडून महिना झाला होता. आफ्रिकेतली लढाई संपली होती आणि पुढची कुठे सुरू होणार हे कोणी सांगत नव्हतं. तोवर या अँब्युलन्सवाल्यांना समुद्राकाठच्या ऑलिव्हच्या बागेत आणून टाकलं होतं. ही सगळी अमेरिकेची माणसं, पण इंग्रजांच्या फौजेबरोबर जखमी वाहायची, आणि सगळी आपखुशीने आलेली. फौजेने त्यांना घेतलं नव्हतं. कोणाचे डोळे, कोणाची छाती, कोणाचं वय. एमेटचा डावा डोळा काचेचा. घरी तो शाळेत लॅटिन शिकवायचा, आणि रात्री डोळा काढून कपात ठेवायचा. एकदा त्याच कपात कोणीतरी चहा ओतला होता. हार्लनचे तळपाय सपाट होते आणि वय एक्केचाळीस. म्हणून तो सगळ्यांचा काका.

घरी, व्हरमाँटमधल्या टॅनर्स फॉल्स नावाच्या गावात, जिथे आता त्याची बायको आयडा वाट बघत होती, त्याने सोळा वर्षं दूध घातलं होतं. आधी घोडागाडीतून आणि नंतर मोटारीतून. मेबल ही तेव्हाची त्याची घोडी, तिचंच नाव त्याने इथल्या गाडीला दिलं होतं. पहाटे चारला झोपलेल्या गावातून काचेच्या बाटल्या न्यायच्या आणि एकही खणखणू द्यायची नाही, यात त्याची सोळा वर्षं गेली होती. खड्डा दिसायच्या आधी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. इथे आल्यावर बाटल्यांच्या जागी माणसं आली, एवढाच फरक. डोकं फुटलेला, पाठ मोडलेला माणूस असला की डॉक्टर स्वतःहून म्हणायचे, "याला टिबेट्सच्या गाडीत घाला."

पुढे म्हातारपणी नातवंडं लढाईबद्दल विचारायची तेव्हा हार्लन त्यांना या महिन्याबद्दलच सांगायचा. पेट्रोलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात वाळू आणि पेट्रोल घालून त्यावर केलेला चहा. कुदळीच्या दांड्याने खेळलेला बेसबॉल, आणि चेंडू समुद्रात गेला की कपड्यांसकट उड्या मारणारी शिकली-सवरलेली माणसं. आणि तो सादोक! काही शहाण्यांनी वापरलेली चहापत्ती वाळवून, वर चार चिमटी ताजी पसरून त्याला पुडी दिली होती. दुसऱ्या दिवशी सादोकने हसतमुखाने अंडी आणून दिली, वरचा थर ताजा आणि खालची सगळी कुजकी. नंतर तो फक्त हार्लनशी व्यवहार करायचा. "सोळा वर्षं दुधात पाणी घातलं नाही, तो माणूस चहात काय भेसळ करणार!" एमेट म्हणायचा. असे दिवस हार्लनला पुन्हा कधी मिळाले नाहीत. पण ते चालू होते तेव्हा त्याला ते नीट भोगताही आले नाहीत.

कारण तो निघाला होता. वर्षाचा करार संपत आला होता. पुढचं वर्ष हवं असेल तर कागदावर एका चौकटीत फुली मारायची, घरी जायचं असेल तर दुसऱ्या. हार्लनने आठ दिवसांपूर्वीच दुसरी फुली मारून कागद देऊन टाकला होता. त्याच्या जागी नवा माणूस आलाही होता. परवा बोट.

दुपारी सगळे पोहायला गेले तेव्हा एमेटने डब्यावर चहा ठेवला आणि हार्लनसमोर बसकण मारली.

"तू दुधासाठी चाललायस, हे मला पटत नाही," तो म्हणाला.

"आयडाचं पत्र दाखवलं ना तुला? डेअरीचा मालक जुलैअखेरपर्यंत माझी लाइन राखून ठेवतोय. नंतर दुसऱ्याला देणार."

"अरे, वर्षापूर्वी तूच त्याला म्हणाला होतास, कोणालाही दे म्हणून. तीस पोरांना लॅटिन शिकवलंय मी. खोटं कोण बोलतंय ते एका डोळ्यानेही दिसतं."

हार्लनने दोन कप पुसून ठेवले. चहा उकळला, एमेटने तो ओतला.

"कागद देण्याआधी मला निदान विचारायचंस तरी," एमेट म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "वर्षभर एका तंबूत झोपलो आपण. तुझ्या घोरण्याचे राग मला पाठ आहेत. आणि मला कळतं कोणाकडून, तर कारकुनाकडून."

"एप्रिलमधला तो दिवस आठवतो?" हार्लन अचानक म्हणाला. "टेकड्यांची लढाई झाली तो."

"आठवतो की."

"चार जण होते माझ्या गाडीत. वरच्या डाव्या खाटेवर एक न्यूझीलंडचा सुतार, पाठ मोडलेली. डॉक्टर म्हणाले, याला धक्का बसला तर कंबरेखाली कायमचा गेला. म्हणून हळू नेली. त्याच्या खालच्या खाटेवर एक पोरगा होता. विशीचाही नसेल. पोटात गोळी. बारा मैलांना मी एक तास वीस मिनिटं घेतली, एमेट. दुसरा कोणी असता तर चाळीस मिनिटांत गेला असता. पोचलो तेव्हा पोरगा गेलेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या अंगाला हात लावला आणि म्हणाले, अजून गरम आहे. जरा आधी आणायला हवा होता."

"अरे, ते डॉक्टर तीन दिवस झोपले नव्हते त्या वेळी."

"झोपले नव्हते म्हणून खोटं बोलले, असं होत नाही ना."

एमेटने कप खाली ठेवला. "मग? सुताराची पाठ मोडून टाकायची होती? दोघांतला एक कोणता, हे तू कसं ठरवणार होतास?"

"तेच ना. मी ठरवलं नाही. मी आपला नेहमीसारखा गेलो. वरून एकदाही टकटक झाली नाही, तेव्हा मला वाटलं, सगळं छान चाललंय." हार्लनने कप हातात फिरवला. "मी शीळ घालत होतो रे. तो मागे मरत होता आणि मी पुढे शीळ घालत होतो."

मागच्या माणसांशी बोलायला वाट नसायची. मध्ये पत्र्याची भिंत. तिच्यावर एकदा टकटक म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब, हे प्रत्येक जखमीला गाडीत घालतानाच सांगायचे.

"तो सुतार भेटला का पुन्हा?" एमेटने विचारलं.

"विचारलं मी दोन इस्पितळांत. जहाजावर चढवला म्हणाले. नावही नीट ठाऊक नाही. आता चाकावर बसलो की हात थांबतात, एमेट. जोरात न्यावं तर वरचा दिसतो, हळू न्यावं तर खालचा. असा माणूस पुढच्या लढाईत काय कामाचा? म्हणून दूध बरं. बाटली फुटली तर फुटली."

 शहाणपणाचं बोलायची एमेटला भारी हौस, पण त्या दुपारी त्याने नुसता आपल्या वाटणीचा साखरेचा खडा हार्लनच्या कपात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लनला 'खाट घ्यायची' होती.

ही या लोकांची जुनी रीत. गाडी दुसऱ्याला देताना देणाऱ्याने मागे वरच्या डाव्या खाटेवर झोपायचं, घेणाऱ्याने गावापर्यंतचा खराब रस्ता चालवून दाखवायचा, आणि मागून एकही टकटक न होता फेरी झाली तरच गाडीची दुसरी किल्लीही द्यायची. वरचीच खाट का, तर धक्का सगळ्यांत जास्त तिथे लागतो. वर्षापूर्वी मेबलच्या आधीच्या मालकाने अशीच खाट घेतली होती आणि हार्लन पहिल्याच फेरीत पास झाला होता. तसा पास झालेला दुसरा कोणी नव्हता.

नवा माणूस रॉइस हॅव्हरिल. फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरातला, सव्वीस वर्षांचा, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. ती मोटारींच्या शर्यतीत गेली होती, हे तो अभिमानाने सांगायचा. तो आला तेव्हा मेबलभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, "हिच्यातून किती निघतात, काका? ताशी साठ?"

"अंडी? ऐंशी," हार्लन म्हणाला होता.

आज रॉइसने रंगाचा डबाही आणून ठेवला होता. सगळ्या गाड्या बाहेरून हिरव्या आणि आतून पांढऱ्या रंगवायचा हुकूम आला होता. वाळूचा पिवळा रंग जाऊन हिरवा येतोय, म्हणजे आता झाडांच्या मुलखात जायचंय, असा सगळ्यांनी अंदाज बांधला होता. नाव कोणी घेत नव्हतं.

"फेरी झाली की लगेच रंगाला बसतो, काका. दुपारपर्यंत नवी नवरी करतो बघा तुमच्या मेबलची."

"आधी पास तर हो," हार्लन म्हणाला आणि वर चढला. एमेटने त्याला पट्टे बांधले.

"काही निरोप द्यायचाय का घरी?" एमेटने गंभीरपणे विचारलं.

"दार लाव."

दार लागलं आणि आत अंधार झाला. मागच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. गाडी निघाली ती गचका देऊनच. हार्लनने एकदा टकटक केली. गाडी जरा नरमली, पण पहिल्या वळणावर पुन्हा उसळली. टकटक. सुकलेल्या ओढ्यात रॉइसने चाक असं घातलं की हार्लनचं कपाळ छतावर आपटता आपटता वाचलं. त्याने दोनदा ठोकलं. गाडी थांबली.

"ओढ्यात सरळ नाही उतरायचं रे!" तो ओरडला. "तिरपी घाल, एकेक चाक! पाण्याने भरलेलं ताट घेऊन पायऱ्या उतरतोस असं समज!"

"आमच्याकडे ताटं नोकर उतरवतात, काका!" बाहेरून उत्तर आलं. पण ओढा चढताना चाकं एकेक करून चढली. पोरगं शिकणारं होतं, हे हार्लनला पटलं. पुढचा मैलभर त्याला ठोकावं लागलं नाही.

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

वर्षभर त्याने ही गाडी धुतली होती. फरशी, खाटा, पट्टे, भिंती, सगळ्यांवरचं रक्त त्याने स्वतः पुसलं होतं. छताकडे मात्र कधी लक्ष गेलं नव्हतं, कारण या खाटेवर झोपल्याशिवाय छताचा हा कोपरा दिसतच नाही. डोळे अंधाराला सरावले आणि हातभर अंतरावरच्या मळकट पांढऱ्या रंगावर त्याला अक्षरं दिसली. जाड पेन्सिलीची, सुतार फळीवर लिहितात तशी.

सर्वांत वर एक माप होतं. 'नाक ते छत, चौदा इंच.' सुताराची खोड. पुढे, वेडंवाकडं, हात वर धरून लिहिलेलं:

'सकाळी १०.३५. खालचा पोरगा गेला. त्याचा हात माझ्या हातात होता. ड्रायव्हरला सांगत नाही. सांगितलं तर तो थांबेल, आणि थांबून करणार काय. माझ्या पाठीसाठी हळू नेतोय. शीळ घालतोय. बरं वाटतं.'

हार्लनने ते एकदा वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी तो निघाला होता. हे त्याला ठाऊक होतं, कारण निघायची वेळ चिठ्ठीवर लिहावी लागते आणि ती चिठ्ठी त्याच्या डोक्यातून एक दिवसही गेली नव्हती. दहा दहा ते दहा पस्तीस. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात तो जेमतेम रस्त्याकडेच्या जळक्या रणगाड्यापर्यंत पोचला होता, निवडुंगाच्या कुंपणाजवळ. रॉइस असता, शर्यतीतला कोणीही असता, तरी पंचवीस मिनिटांत बारा मैल कोणी जाऊ शकत नव्हतं. पोरगा वाटेतच जायचा होता. हळू नेला म्हणून तो गेला नव्हता.

आणि वरच्याने ठोकलं नव्हतं, ते सगळं छान चाललं होतं म्हणून नव्हे. मेलेल्या पोराचा हात धरून, मोडक्या पाठीने, तो माणूस पुढचा जवळजवळ तासभर गप्प पडून राहिला होता. हार्लनला थांबावं लागू नये, कळू नये, म्हणून. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपण वाहून नेला आणि त्याचं नावही विचारलं नाही, याची हार्लनला लाज वाटली. मग त्याला रडू आलं. पट्टे बांधलेले असल्यामुळे हातही डोळ्यांपर्यंत नीट जात नव्हता, तेव्हा त्याने ते येऊ दिलं. पोरासाठी रडू आलं, सुतारासाठी आलं, आणि थोडं स्वतःसाठीही. आठ दिवसांपूर्वी कोणी या खाटेवर झोपवलं असतं तर त्याने दुसऱ्या चौकटीत फुली मारली नसती. आता चाकावर हात थांबले नसते. पण मेबल आता दुसऱ्याची झाली होती, आणि उद्या बोट होती.

गाडी थांबली. दार उघडलं, उजेड आत आला.

"काका? अहो, झोपलात की काय?" रॉइसचा हसरा चेहरा आत डोकावला. "गावाला वळसा घालून परत आलो, ओढ्यानंतर एकदाही ठोकलं नाहीत! पास ना?" मग त्याला हार्लनचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू गेलं. "लागलं का कुठे? एमेटला हाक मारू?"

"नको. आज आतून रंग देणार आहेस ना?"

"हो. पांढरा."

"वर ये. हे बघ."

रॉइस खालच्या खाटेच्या दांड्यावर पाय ठेवून वर चढला, हार्लनच्या खांद्यावरून मान वाकडी करून वर पाहू लागला. ओठ हलवत त्याने सावकाश वाचलं. 

"शीळ घालणारे तुम्ही?"

"मीच."

"काका, याला मी हात लावत नाही. सगळी गाडी रंगवीन, एवढी वीतभर जागा सोडून. आणि पुढे ज्याला देईन, त्यालाही सांगेन."

हार्लनने मान हलवली. खिशातून दुसरी किल्ली काढून त्याने रॉइसच्या तीन बोटांच्या हातात ठेवली. रॉइस खाली उतरला, दार लावायला लागला, आणि मग घोटाळला.

"तुम्ही उतरत नाही?"

"अजून एक फेरी मार."

"का? कुठे चुकलं का माझं?"

"नाही रे," हार्लन म्हणाला. "कोणाचंच काही चुकलं नाही. चल, मार एक फेरी. हळू जा."

दार लागलं. मेबल निघाली, आणि या वेळी गचका बसला नाही. ऑलिव्हच्या बागेतून बाहेर पडून ती गावाच्या रस्त्याला लागली. ओढा आला तेव्हा चाकं एकेक करून उतरली आणि एकेक करून चढली. हार्लनने डावा हात पट्ट्याखालून सोडवून घेतला, खाटेच्या कडेवरून खाली सोडला, आणि खालच्या रिकाम्या खाटेवर तळवा उघडा करून तो तसाच लोंबू दिला. थोड्या वेळाने तो शीळ घालू लागला.